धोंडाबाईची हलगी

आमच्या मंडळीनं यंदा देवळाची स्मरणिका काढली आहे. आम्ही लोणावळ्याची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो, आणि मंडळी म्हणजे त्या देवळात जमणारे आम्ही सगळे. स्मरणिकेत माझ्या आजीचा फोटो आहे. खाली छापलंय, 'ख्रिस्तवासी धोंडाबाई गेणू खुडे. सालस, आज्ञाधारक, पेटीवादनात निपुण.' ज्यानं हे लिहिलं त्यानं आजीला पाहिलेलं नाही, हे मला मान्य आहे. पण न पाहिलेल्या माणसाबद्दल जरा बेतानं खोटं बोलावं की नाही?

फोटोत आजीपुढं पेटी दिसते. ती पेटी मिशनच्या मडमसाहेबांची. फोटोवाला म्हणाला, गाणाऱ्या बाई आहेत तर समोर काही वाद्य असू द्या, म्हणून कुणीतरी ती आणून ठेवली. आजीनं तिच्या भात्याला कधी हात लावला नाही. फोटोतसुद्धा तिचे दोन्ही हात मांडीवर आहेत आणि तोंडावर 'उरका एकदाचं' असा भाव आहे. म्हणून मी हे लिहायला बसले. स्मरणिकावाल्यांना पुढच्या वेळी छापायचं तर छापावं, नाही तर माझ्या पोरांना राहील. मी जन्मभर नर्सची नोकरी केली आहे, लोकांचं नाक दाबून औषध पाजायची मला सवय आहे.

आजी वाजवायची ती हलगी. लाकडाच्या कड्यावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं, उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक काडी. आणि याच हलगीपायी आमच्या देवळानं तिला कितीतरी वर्षं प्रभूच्या मेजावरून उठवून ठेवलं होतं. 'आज्ञाधारक' म्हणे!

आजी आंदर मावळातली, टाकव्याच्या पुढच्या एका गावची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं आता भेटली की हाताला धरून चहाला नेतात, उगाच जुनी मढी कशाला उकरा? गावाबाहेर मांगवाडा आणि तिथं आजीचा बाप रखमाजी. लग्न असो, दवंडी असो की मयत, रखमाजीच्या हलगीशिवाय गावाचं पान हलत नसे. नवरदेव मांडवात शिरायचा तो हलगीच्या ठेक्यावर, पण हलगीवाल्यानं उभं राहायचं मांडवाबाहेर, उन्हात. पंगती उठल्यावर उरलंसुरलं त्याच्या पदरात पडायचं. आजी म्हणायची, "आमच्या बाच्या हलगीवर सारं गाव नाचलं, अन् बाला आतली नवरी कशी दिसती ते कदी दिसलं न्हाई."

पोरींनी हलगी वाजवायची नसे. पोरींनी ती शेकायची. मावळच्या ओलीनं कातडं सैल पडतं, मग ती नुसती फदफद करते. भाताच्या पेंढ्याचा जाळ करायचा, त्यावर हलगी गोल फिरवायची, बोटानं टिचकी मारून बघायची, की मग ती बोलायला लागते. हे काम धाकट्या धोंडीकडं होतं. टिचकी मारता मारता पोर ठेका धरायला कधी लागली ते तिचं तिलाच कळलं नाही. रखमाजीनं एकदा पाहिलं. मारलं नाही. एवढंच म्हणाला, "घरात वाजीव. गावानं ऐकलं तर माजी अब्रू काढतील."

मग प्लेगात रखमाजी गेला. धाकट्या भावाला, नवसूला, मामानं गावकीसाठी नवी हलगी मढवून दिली. बापाची जुनी हलगी धोंडीनं फडक्यात बांधली आणि आईबरोबर लोणावळ्याला आली. रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांवर धुण्याभांड्यांचं काम मिळत होतं.

तिथं तिला मुक्ताबाई भेटली. मुक्ताबाई घरोघर फिरून शुभवर्तमान सांगायची, गळा गोड होता, म्हणून माणसं ऐकायचीही. एका रविवारी धोंडी तिच्या मागं मागं देवळापर्यंत गेली आणि सवयीनं पायरीखाली उभी राहिली. मुक्ताबाई वळून म्हणाली, "बाहेर काय उभी राहिलीस गं? आत ये की." आत बाक होते. धोंडी बाकावर बसली, आणि शेजारी बसलेली बाई सरकून दूर गेली नाही. त्या दिवशीचा उपदेश आजीला एक अक्षर कळला नाही. ती सांगायची, "आत ये म्हनली, तितंच माजा बाप्तिस्मा झाला. पान्याचा मागनं झाला."

लोक म्हणतात, ही माणसं तांदळासाठी बाटली. अहो, मावळात तांदळाला काय तोटा? आजीच्या माहेरी चहूकडं भातच भात होता. तो तिच्या ताटात येत नव्हता, ही गोष्ट निराळी. तुम्हाला म्हणायचंच असेल तर म्हणा, धोंडाबाई बाकासाठी बाटली. तिला त्याची लाज नव्हती आणि मलाही नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी पहिला खटका उडाला. मडमसाहेबांनी तिच्यासाठी रिबेका हे नाव काढून ठेवलं होतं. धोंडी हे काय नाव आहे, म्हणाल्या, दगडधोंड्याचं! आजी म्हणाली, "प्रभूनं आपल्या शिष्याला खडक म्हनलं ते चालतं, अन् धोंडा चालत न्हाई व्हय? देव मला धोंडी म्हनूनच वळखतो. उद्या रिबेका म्हनून हाक मारली तर मी वळूनबी बघायची न्हाई." मडमसाहेबांनी रिबेका खोडलं आणि धोंडीची धोंडीच राहिली. पुढं रेल्वेत सांधे बदलणाऱ्या गेणू खुड्यांशी तिचं लग्न झालं. ते माझे आजोबा. भला माणूस, पण आजीपुढं त्यांचं काही चालत नसे आणि चालवायची त्यांना हौसही नव्हती.

आजीला देवाचं वेड होतं. पहाटे जात्यावर बसली की प्रभूशी बोलायला सुरुवात, ते रात्री निजेपर्यंत. डाळ करपली तरी प्रभूला सांगायची, गाडी वेळेवर आली तरी सांगायची. अभंग तर जात्याच्या खुंट्याला हात लावला की तोंडात यायचे. कुणी तिला शिकवले नव्हते, तिनं कुठं उतरवून ठेवले नाहीत. मला पाठ आहेत त्यातला हा एक:

बाप माझा उभा । मांडवाच्या दारी ।
प्रभूच्या मी घरी । आत बैसे ॥

देवळात मात्र गाणी साहेबी चालीची. शब्द मराठी, पण ताणून ताणून असे म्हणायचे की पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पोचता पोचता म्हातारी माणसं डुलकी काढायची. पेटी मडमसाहेब वाजवायच्या. आजी मान खाली घालून तेही गायची, मनापासून गायची. पण घरी येऊन म्हणायची, "देवाला परक्या घरच्या पावन्यासारखं बोलतो आपुन. माझ्या बाचा ठेका त्यानं कवा ऐकायचा?"

पहिलं महायुद्ध संपलं, त्याच्या पुढच्याच नाताळची गोष्ट. माझा तेव्हा जन्मही नव्हता, पण हे मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की समोर बघितल्यासारखं सांगू शकते. नाताळच्या सकाळी सगळी मंडळी नवे कपडे घालून देवळात जमली. आवारात पेंढ्याचा धूर झाला. कुणाला वाटलं आग लागली. बघतात तो धोंडाबाई नव्या लुगड्याचा काचा मारून बसली आहे आणि हलगी शेकते आहे. पेटीवरचं गाणं संपलं तशी ती दारातून आत आली, मधल्या वाटेनं थेट मेजासमोर गेली, आणि हलगी छातीशी धरून तिनं ठेका धरला.

तिनं तो वरचाच अभंग म्हटला. ऐकणारे सांगतात, देवळाच्या भिंतींनी असा आवाज कधी ऐकला नव्हता. पोरं बाकांवर उभी राहिली. म्हाताऱ्यांचे पाय जमिनीवर ठेका देऊ लागले. दुसऱ्या कडव्याला दोन बाया तिच्यामागं म्हणायला लागल्या, आणि तेवढ्यात योसेफ मास्तर उठले. "बंद करा," म्हणाले. मोठ्यानं नाही, पण शाळेत म्हणायचे तसं. सगळी मंडळी त्यांच्याच हाताखाली शिकलेली, त्यामुळे सगळे झटकन खाली बसले.

योसेफ मास्तरांची ओळख करून द्यायला हवी. योसेफ कोंडाजी आढागळे, मिशनच्या शाळेचे मास्तर आणि देवळाच्या पंचांतले मुख्य. काळा कोट, स्वच्छ धोतर, मराठी पुण्याच्या ब्राह्मणालाही लाजवेल अशी. त्यांचा बाप कोंडाजी म्हणजे नाणे मावळातला नावाजलेला हलगीवाला. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोलत नसे. मास्तर बापाचं नाव सहीपुरतं लावायचे, त्याच्या हलगीविषयी चकार शब्द काढत नसत.

पंच बसले. मास्तर आजीला म्हणाले, "धोंडाबाई, हे वाद्य आपण मोठ्या कष्टानं खाली ठेवलंय. गावानं ते आपल्या गळ्यात बांधलं होतं. आज देवळात वाजलं, उद्या पाटील म्हणेल, वाजवताच आहात तर आमच्या दारातही वाजवा. मग काय सांगाल?"

"तितं भाईर वाजवायची असती मास्तर," आजी म्हणाली. "हितं आत. येवढा फरक तुमास्नी दिसत न्हाई?"

"लोक आपल्या देवळाला मांगवाड्याचं देऊळ म्हणतील."

"मंग? मांगवाड्यात देव येत न्हाई, असं कुटं सांगितलंय? समुद्राच्या पार झाल्यावर बायांनी डफ वाजीवले, हे शास्त्रातलं तुमीच शाळंत शिकवता."

मास्तरांना ते लागलं असणार. ठराव त्यांनीच मांडला: देवळात हलगी वाजवणाऱ्यानं प्रभूभोजनाला बसायचं नाही, 'चुकलं' असं मंडळीपुढं म्हणून हलगी टाकीपर्यंत. मास्तर अगदीच चुकीचं बोलत नव्हते, हे मला आज कळतं. कळतं, पण म्हणून पटत नाही.

प्रभूभोजन म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीच्या तुकड्यांचं ताट आणि द्राक्षरसाचा प्याला मंडळीत फिरतो. सगळे एका ताटातलं खातात, एका प्याल्यातलं पितात. ज्यांच्या सावलीचाही विटाळ होत होता त्या माणसांना ते काय वाटत असेल, याचा विचार ज्याचा त्यानं करावा. आजी त्या रविवारची महिनाभर वाट बघायची. आणि आता तिला दोहोंतलं एक निवडायचं होतं, हलगी की ताट.

तिनं निवडलंच नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून, सगळ्यांत पुढच्या बाकाच्या कडेला जाऊन बसायची. मागं बसली असती तर कुणाला दिसलंही नसतं. तिला ते दिसायलाच हवं होतं. मास्तर स्वतः ताट घेऊन यायचे, पहिला मान कडेच्या माणसाचा असतो, आणि ते ताट तिच्यासमोरून तिच्या शेजारणीकडं जायचं. आजी ताटाकडं बघायची नाही, मास्तरांच्या तोंडाकडं बघायची. मी लहानपणी तिच्या मांडीला टेकून बसायचे आणि मला तेव्हा वाटायचं की मास्तरांना आजीची भीती वाटते.

घरी आल्यावर मात्र ती भिंतीकडं तोंड करून पडायची. आईनं जेवायला वाढलं तर म्हणायची, "ह्या भाकरीची न्हाई गं भूक." आजोबा एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, "अगं, एक शब्द तर म्हनायचा. म्हन आन् मोकळी हो." आजी ताडकन उठून बसली. "शब्द खोटा म्हनून खरी भाकर खाऊ व्हय?" आजोबा बाहेर विडी ओढायला गेले.

आता पाटलाच्या लग्नाची गोष्ट. घाटातल्या गाड्या विजेवर घ्यायच्या म्हणून लोणावळ्याला खांब आणि तारा पडत होत्या, त्या उन्हाळ्यातली. आजीच्या माहेरच्या गावचे पाटील महिपती, त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. नवसूचा हात मोडला होता. पाटलाला कुणीतरी सांगितलं, नवसूची बहीण लोणावळ्याला वाजवते, बापापेक्षा बरी वाजवते. झालं, मास्तरांची भीती खरी ठरली. पाटलाचा माणूस आमच्या चाळीच्या दारात येऊन उभा राहिला. आली नाही तर नवसूचं गावातलं बलुतं बंद, असा निरोप होता.

मास्तरांच्या कानावर गेलं. ते आजोबांना म्हणाले, "सांगितलं होतं मी." मंडळीत कुजबुज झाली, आता धोंडाबाई पाटलाच्या दारात उभी राहणार. आणि ती गेली. हलगी घेऊन गेली.

पुढचं मला नवसूआजोबांनी सांगितलं. आजीनं मांडवासमोर पेंढा पेटवला, हलगी शेकली, टिचकी मारून पाहिली. नवरदेव घोड्यावरून उतरला. सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती म्हणाली, "पाटील, बसू कुटं?"

"बसू कुटं म्हंजी?" पाटील म्हणाले. "उबी ऱ्हा तितं. तुजा बाप ऱ्हात हुता तितं."

"बाप उबा ऱ्हायला. मी मांडवात बसून वाजीवते. लय चांगलं वाजीवते, इचारा कुनालाबी."

"धोंडे, डोकं फिरलंय का तुजं? मांगाची बाई मांडवात?"

"मंग हलगी मांडवात कशी चालती, पाटील? तिचा आवाज तर आत येतोय. आवाज आत, बाई भाईर, ह्ये कसलं सोवळं?"

मुहूर्त टळायला आला. बिनवाजपाचं लग्न म्हणजे अपशकुन, वरपक्ष चुळबुळ करायला लागला. नवसूनं बहिणीचे पाय धरले, "आक्का, वाजीव. माजं घर बसंल." आजीनं हलगी फडक्यात बांधली. पाटलाला रामराम केला आणि आल्या वाटेनं चालायला लागली. त्या गावात पाटलाच्या घरचं लग्न त्या दिवशी मुक्यानं लागलं.

ही गोष्ट ऐकून लोक टाळ्या वाजवतात, म्हणून पुढचंही सांगते. नवसूचं बलुतं खरोखर बंद झालं. त्याला बायकोपोरांसह गाव सोडावं लागलं. आमच्या एका खोलीत ती सगळी येऊन राहिली आणि नवसू आजीशी वर्षभर बोलला नाही. खांब रोवायच्या कामावर आजोबांनी त्याला चिकटवलं तेव्हा कुठं घर चाललं. आजीनं त्याची माफी मागितली, त्याच्या बायकोची मागितली. पण परत तसंच घडलं तर काय करशील, असं त्या भावजयीनं विचारलं तेव्हा आजी म्हणाली, "तसंच करीन गं बाई. म्हनून तर माफी मागते."

मला राग आहे तो यापुढच्या रविवारचा. मास्तरांना सगळं कळलं होतं. पाटलाच्या दारात हलगी वाजली नाही, ज्याची त्यांना भीती होती ते झालं नाही. 'आत' आणि 'बाहेर' यातला फरक आजीनं स्वतःचं नि भावाचं नुकसान करून दाखवून दिला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तरी त्या पहिल्या रविवारी ताट आलं आणि आजीसमोरून पुढं गेलं. मास्तरांचा हात त्या दिवशी थांबला होता, असं आई म्हणायची. मी म्हणते, थांबला, पण गेलाच की पुढं.

पुढं मडमसाहेब गेल्या, देवळाचे पहिले पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, गेले, नगरकडचे एक तरुण पाळकसाहेब आले. मनानं चांगले. ते आमच्या खोलीवर आले आणि आजीला म्हणाले, "धोंडाबाई, मी इथं घरी येऊन तुम्हाला भाकर देतो. पंचांना सांगायची गरज नाही." आजीनं त्यांना चहा दिला, पाया पडली आणि म्हणाली, "साहेब, बाच्या पदरात उरलेलं पडायचं. ते मांडवामागं बसून खायचं. प्रभूची भाकर तशी खाऊ? चारचौघांत दिली तर घीन." पाळकसाहेब चहा तसाच टाकून उठले. मला वाटतं त्यांना रडू आलं होतं.

त्रेचाळीस सालचा श्रावण. मी तेव्हा पुण्याला नर्सिंग शिकत होते, आजीची तब्येत बिघडली म्हणून आले. छातीत पाणी झालं होतं. मला पाहताक्षणी कळलं की ही आता उठत नाही, आणि तिला माझ्या आधी कळलं होतं. दुपारी पाळकसाहेब आले, बरोबर भाकरीचा डबा आणि प्याला घेऊन योसेफ मास्तर. मास्तर फार थकले होते, पंचांतूनही निघाले होते, काठी टेकत आले. खोलीत नवसूआजोबा, आई, चाळीतल्या बाया. चारचौघं म्हणाल तर तेवढी होती.

पाळकसाहेब म्हणाले, "धोंडाबाई, पंचांचं म्हणणं आहे, एक शब्द बोला. हळू बोललात तरी चालेल."

"चुकले असं मी म्हनत न्हाई," आजी म्हणाली. दम लागत होता, पण शब्द स्वच्छ होते. "पन भाकर घ्यायच्या आदी भावाभावात समेट पायजे, ह्ये मला ठावं हाय. मास्तर, माजं तुमच्याशी भांडान न्हाई. तुमचं हलगीशी हाय. तेवडं मिटवा. वाजवा."

मास्तर म्हणाले, "मला येत नाही."

"कोंडाजीचा ल्योक म्हनतोय, येत न्हाई!"

मास्तरांच्या तोंडावर त्यांच्या बापाचं नाव असं कुणी कधी मारलं नव्हतं. मला वाटलं, आता हे उठून जातील. ते उठले खरे. भिंतीवरची हलगी त्यांनी खाली घेतली. श्रावणातली हलगी, ओलीनं लोळागोळा झालेली. मास्तरांनी कोट काढून पाळकसाहेबांच्या हातात दिला, चुलीपुढं उकिडवे बसले, आणि जाळावर हलगी गोल गोल फिरवायला लागले. मधेच कान लावून टिचकी मारायचे, पुन्हा फिरवायचे. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, असं करा.

शेकून झाली तसे ते हलगी घेऊन निघाले आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आजी उशीवरून म्हणाली, "मास्तर, आत. आत येऊन वाजवा." ते आत आले आणि त्यांनी ठेका धरला. सुरुवातीला काडी चुकत होती. मग चुकेनाशी झाली. कोंडाजीला ऐकलेली नाणे मावळातली एक म्हातारी चाळीत होती, ती दाराशी येऊन तोंडाला पदर लावून उभी राहिली. आजीला गाण्याएवढा श्वास नव्हता. ती नुसती ओठ हलवत होती. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला तेव्हा कळलं, ती दुसरं कडवं म्हणत होती:

चामड्याला आग । दावावी लागते ।
तेव्हाच ते गाते । तुझं नाव ॥

मग तिनं भाकर घेतली. मास्तरांच्या हातून घेतली. प्याला मी धरला. म्हणाली, "हलगी तुमी न्या मास्तर. आमच्यात कुनाला येत न्हाई," आणि माझ्याकडं बघून, "हिला तर टाळीबी येत न्हाई." दोन दिवसांनी ती गेली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी देवळात होते. गाणं संपलं आणि योसेफ मास्तर मधल्या वाटेनं पुढं आले. गळ्यात हलगी. म्हातारा माणूस, आवाज फुटत होता, पण त्यांनी धोंडाबाईचा अभंग पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हटला. म्हणून झाल्यावर ते पुढच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले, अगदी कडेला, आणि हलगी मांडीवर ठेवली.

ठराव अजून तसाच होता, आणि तो मांडला होता मास्तरांनीच. नवे पंच त्यांचेच विद्यार्थी. मास्तरांनी त्यांना नियम पाळायला शिकवलं होतं आणि ते पक्के शिकले होते. ताट घेऊन त्यांतला एक पंच आमच्या बाकाशी आला. त्यानं मास्तरांकडं बघितलं, हलगीकडं बघितलं, मान खाली घातली आणि ताट त्यांच्यासमोरून माझ्या हातात दिलं. मास्तरांनी हलगी खाली ठेवली नाही.

ताट मला पुढं द्यायचं होतं. मी ते मागं वळवलं आणि मास्तरांपुढं धरलं.

पंच माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "बाई, ताट पुढं द्या."

"देते," मी म्हटलं. सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हटलं. "आधी यांचं होऊ दे."

ताट धरून धरून माझे हात भरून आले, पण ताट खाली घ्यायचं नाही एवढं ठरलं होतं. मग मास्तरांनी हात पुढं केला आणि एक तुकडा उचलला. त्यांच्यामागून मी घेतला, आणि ताट पुढं दिलं.